जवानाचे बिऱ्हाड विरारला



फौजेतल्या माणसाचे बिऱ्हाड म्हणजे पाठीवरचे बिऱ्हाड. आज बेळगाव, उद्या सागर, परवा पठाणकोट. हुकूम आला की जवान निघतो. काही ठिकाणी त्याला बायकामुले बरोबर नेता येतात. काही ठिकाणी येत नाहीत. जेथे सरहद्द जवळ आहे, बर्फ आहे, धोका आहे, तेथे तो एकटाच जातो. अशा मुलखाला फौजेत 'फील्ड' म्हणतात. जवान फील्डमध्ये गेला की मागे प्रश्न उरतो. घरच्यांनी राहायचे कोठे?

आपल्या महाराष्ट्रात गावोगावचे लोक फौजेत आहेत. सातारा जिल्ह्यात अपशिंगे गाव आहे. त्याला लोक 'अपशिंगे मिलिटरी' असेच म्हणतात. कोल्हापूर जिल्ह्यात 'सैनिक टाकळी' आहे. अशा गावांत मागे राहणाऱ्यांना आधार असतो, कारण घरोघर तीच कथा. पण सगळीच कुटुंबे गावात राहत नाहीत. कोणाला मुलांच्या शाळेसाठी शहराजवळ यायचे असते. कोणाचा भाऊ मुंबईला कामाला असतो. कोणी जवान पेन्शन घेऊन येतो आणि मुंबईत दुसरी नोकरी धरतो. मुंबईत जागा परवडत नाही. मग पुष्कळ जण विरारची वाट धरतात.

अशा कुटुंबासाठी आम्ही हा पाठ लिहीत आहोत. विरारला येण्याआधी काय पाहावे, आल्यावर काय करावे आणि या मुलखात बघण्यासारखे काय आहे, ते सांगतो. तुमच्या घरात कोणी फौजेत नसले तरी वाचा. बदली, नोकरी, मुलीचे सासर, कोणत्याही कारणाने माणूस नव्या गावी जातोच.

विरार आहे कोठे?

विरार पालघर जिल्ह्यात, वसई तालुक्यात आहे. पूर्वी हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. त्याआधी २००९ साली विरार, नालासोपारा, वसई आणि नवघर-माणिकपूर या चार गावांच्या नगरपालिका मिळून एक महानगरपालिका झाली. तिचे नाव वसई-विरार शहर महानगरपालिका. २०११ च्या शिरगणतीत या शहराची वस्ती १२ लाखांवर होती. त्यानंतर ती पुष्कळच वाढली आहे.

नकाशा डोळ्यांपुढे आणा. पश्चिमेला समुद्र. उत्तरेला वैतरणा नदी. दक्षिणेला वसईची खाडी. पूर्वेला डोंगर. या चौकटीत वसई तालुका बसला आहे. मधून आगगाडी जाते. रुळांच्या एका अंगाला विरार पूर्व, दुसऱ्या अंगाला विरार पश्चिम. पत्ता सांगताना पूर्व की पश्चिम हे आधी सांगावे लागते. नाहीतर नवखा माणूस पुलावरून उगाच चढउतार करीत बसतो.

फौजेची छावणी विरारला नाही. म्हणून येथे फौजी शेजार आयता मिळत नाही. तो आपला आपण शोधावा लागतो. ही गोष्ट पहिल्यापासून मनात धरा.

घर घेण्याआधी चार प्रश्न

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ती दोनदा वाचा.

विरारला घर स्वस्त मिळते, असे लोक सांगतात. पण स्वस्त घर कधी कधी फार महाग पडते. ऑगस्ट २०२५ मध्ये, २६ तारखेच्या मध्यरात्री, विरार पूर्वेला एका चार मजली इमारतीचा भाग कोसळला. १७ माणसे गेली. ती इमारत अनधिकृत होती. त्याच वर्षाच्या आरंभी नालासोपाऱ्यात न्यायालयाच्या हुकुमावरून अनेक अनधिकृत इमारती पाडाव्या लागल्या. शेकडो कुटुंबे उघड्यावर आली. त्यांनी पैसे दिले होते. चोरी केली नव्हती. पण घराचे कागद खरे नव्हते.

जवानाचे पैसे म्हणजे थंडीवाऱ्यात कमावलेले पैसे. पेन्शनीच्या वेळी मिळालेली रक्कम म्हणजे पंधरा-वीस वर्षांची कमाई. ती एका सहीने बुडू शकते. म्हणून घर घेणाऱ्याने हे चार प्रश्न विचारलेच पाहिजेत.

पहिला प्रश्न. इमारतीला महानगरपालिकेची बांधकाम परवानगी आहे काय?

दुसरा प्रश्न. इमारतीला भोगवटा दाखला आहे काय? इमारत परवानगीप्रमाणे पुरी झाली, आता माणसांनी राहायला हरकत नाही, असे सांगणारा हा कागद. दलाल लोक त्याला 'ओसी' म्हणतात.

तिसरा प्रश्न. इमारत नवी असेल तर तिचा महारेरा क्रमांक कोणता? घरे बांधून विकणाऱ्यांवर देखरेख ठेवण्यासाठी २०१७ साली महारेरा ही सरकारी व्यवस्था सुरू झाली. क्रमांक मिळाला की कोणत्याही मोबाईलवर तो तपासता येतो. त्याला पैसे पडत नाहीत.

चौथा प्रश्न. पाणी किती वेळ येते आणि कोणाचे येते? वसई-विरारला सूर्या, उसगाव आणि पेल्हार येथून पाणी येते. तरी काही वस्त्यांत टँकरवर भागवावे लागते. हा प्रश्न दलालाला विचारू नका. जिन्यात भेटणाऱ्या बाईला विचारा. ती खरे सांगेल.

कागदाची नुसती झेरॉक्स दाखवली तर भुलू नका. दाखला खोटाही असतो. महानगरपालिकेच्या कचेरीत जाऊन खात्री करा. वकिलाला थोडी फी पडेल, पण ती वाया जात नाही.

घर भाड्याने घेत असाल तर करार लेखी करा आणि त्याची सरकारी नोंदणी झाली की नाही ते पाहा. १९९९ च्या भाडे कायद्याप्रमाणे ही नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. अनामत रक्कम किती दिली, ती करारात अंकांत आणि अक्षरांत लिहिलेली असावी. तुम्ही वाचायला शिकला आहात. करारावर सही करण्याआधी तो स्वतः वाचा. न समजलेल्या ओळीवर बोट ठेवा आणि विचारा. विचारणाऱ्याला कोणी हसले तर हसू द्या.

आणखी एक सावधगिरी. काही ठग फोनवर 'मी आर्मीतला ऑफिसर बोलतोय' असे सांगतात. वर्दीतला फोटो पाठवतात. घर भाड्याने हवे आहे म्हणतात आणि आगाऊ पैसे देण्याच्या नावाखाली आपल्याच खात्यातून पैसे काढून घेतात. वर्दी पाहिली की आपला माणूस आठवतो, आणि ठगाला तेच हवे असते. फोनवर आलेला ओटीपी आकडा कोणालाही सांगू नका. फसलाच तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे लांब गेले समजा.

कागदांची पिशवी

बिऱ्हाड हलवताना भांडी मोजून घेतो. तसे कागदही मोजून घ्यावेत. एक जाड पिशवी करा. तीत हे कागद ठेवा. जवानाच्या कुटुंबाचे ओळखपत्र, लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, शाळा सोडल्याचे दाखले, आधारकार्डे, बँकेचे पुस्तक, गॅसचे कार्ड. पिशवी उंच कपाटात ठेवा. विरारला पावसाचे पाणी तळमजल्यात शिरते.

बायकोचे आणि मुलांचे नाव फौजेच्या दप्तरात चढले आहे ना, हे जवानाला पत्राने विचारा. या नोंदीला फौजेत 'पार्ट टू ऑर्डर' म्हणतात. लग्न झाले, मूल झाले, की ही नोंद व्हायला हवी. दप्तरात नाव नसेल तर पुढे पेन्शनीच्या वेळी विधवेला आणि मुलांना हेलपाटे घालावे लागतात. हा विषय काढायला बाईमाणसाला जड जाते. तरी काढावा. नवा पत्ताही पलटणीला आणि रेकॉर्ड ऑफिसला कळवावा.

मुलांच्या शाळेची काळजी असते. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला केवळ दाखला यायला उशीर झाला म्हणून शाळेत घ्यायला नकार देता येत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात तसे लिहिले आहे. आम्ही आयुष्य शाळेत घालवले, म्हणून आग्रहाने सांगतो. दाखल्याची वाट पाहत मूल घरी बसवू नका. एक महिना घरी बसलेले मूल अभ्यासात तीन महिने मागे जाते.

आजारपणाचेही ठरवून ठेवा. नोकरीतल्या जवानाच्या बायकोला, मुलांना आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईबापांना लष्करी इस्पितळात उपचार मिळतात. मुंबईत कुलाब्याला आरमाराचे 'अश्विनी' इस्पितळ आहे. पेन्शन घेतलेल्यांसाठी २००३ पासून ईसीएचएस योजना आहे. तिचे कार्ड काढून ठेवा. पण छातीत दुखू लागले तर कुलाब्याची वाट धरू नका. जवळचा दवाखाना गाठा आणि १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

राज्य सरकारचा सैनिक कल्याण विभाग आहे. त्याची मुख्य कचेरी पुण्याला आहे आणि जिल्ह्यांत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये आहेत. मुलांची शिष्यवृत्ती, वसतिगृह, विधवांची पेन्शन अशा कामांसाठी तेथे जावे. ७ डिसेंबरला ध्वजदिन असतो. त्या दिवशी शाळांतून आणि कचेऱ्यांतून जो निधी जमतो, तो सैनिकांच्या आणि त्यांच्या कुटुंबांच्या कल्याणासाठीच असतो. तेव्हा तेथे जाताना संकोच धरू नका.

लोकलगाडीचे शास्त्र

विरार आणि लोकल यांची सोबत जुनी आहे. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत लोकलगाडी सुरू झाली. दिवसाला एकच गाडी. सकाळी मुंबईला जायची, संध्याकाळी परत यायची. आज एक गाडी गेली की मागोमाग दुसरी येते, तरी पाय ठेवायला जागा नसते.

विरार ते चर्चगेट ६० किलोमीटर आहे. जलद गाडीला दीड तासाच्या आतबाहेर लागतो. धीमी गाडी प्रत्येक स्टेशनावर थांबते. विरारहून मुंबईकडे निघाल्यावर नालासोपारा, वसई रोड, नायगाव, भाईंदर, मीरा रोड, दहिसर, बोरिवली अशी स्टेशने लागतात. उत्तरेकडे वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर आणि पुढे डहाणू रोड. डहाणूपर्यंत लोकल २०१३ साली सुरू झाली.

फलाटावर दिव्यांच्या अक्षरांचा फलक असतो. गाडी कोठवर जाणार, किती वाजता सुटणार, जलद की धीमी, डबे किती, हे सारे त्यावर लिहिलेले असते. आधी तो वाचा, मग गाडीत चढा. 'ही गाडी कुठं जाते हो?' असे विचारण्याची पाळी आता तुमच्यावर यायला नको. बायकांसाठी वेगळे डबे असतात. नवख्याने सकाळच्या गर्दीत लहान मूल घेऊन निघू नये. दुपारी निघावे. दारात लोंबकळू नये. रूळ ओलांडू नयेत, पुलावरून जावे. गाडीत अडचण आली तर १३९ हा रेल्वेचा क्रमांक आहे.

इतके सांभाळले की लोकल तुमची झाली. मग हिंडायला निघा.

जीवदानीचा डोंगर

विरारला आलेला माणूस पहिल्यांदा जीवदानीला जातो. पूर्वेच्या डोंगरावर देवीचे मंदिर आहे. तेराशेहून जास्त पायऱ्या आहेत. म्हाताऱ्या माणसांसाठी रोपवेची सोय आहे. नवरात्रात फार गर्दी असते. डोंगराच्या अंगाला फूलपाड्याकडे पापडखिंडीचे धरण आहे.

पायऱ्या पहाटे चढाव्यात. वर गेल्यावर दर्शन घ्या आणि मग थोडे थांबून चारी दिशांना बघा. पश्चिमेला समुद्र. उत्तरेला वैतरणेचे पात्र. खाली रुळांची रेघ. आपली वस्ती कोठे, शाळा कोठे, बाजार कोठे, हे मुलांना वरून दाखवा. फौजेत नव्या मुलखात गेले की आधी उंचावर जाऊन टेहळणी करतात. घरच्यांनीही तसेच करावे. नव्या गावाची भीती उंचावरून निम्मी होते.

अर्नाळ्याचा पाणकिल्ला

विरार पश्चिमेहून आगाशीमार्गे अर्नाळ्याला बस आणि रिक्षा जातात. वाटेत आगाशीला थांबा. आगाशीची सुकेळी नावाजलेली. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात, त्यांची सुकेळी होतात. फार गोड लागतात आणि टिकतातही. जवानाला पार्सल पाठवायला याहून चांगला खाऊ नाही.

अर्नाळा कोळ्यांचे गाव आहे. किनाऱ्यावर मासे सुकत असतात. समोर बेट दिसते. त्या बेटावर किल्ला आहे. होडीने जावे लागते. वैतरणा नदी जेथे समुद्राला मिळते, तेथे हे बेट राखणदारासारखे उभे आहे. ज्याच्या हाती अर्नाळा, त्याच्या हाती खाडीचे दार. म्हणून या बेटासाठी गुजरातचे सुलतान, पोर्तुगीज, मराठे आणि इंग्रज, सारे झटले. १७३७ साली मराठ्यांनी ते घेतले आणि पहिल्या बाजीरावाच्या काळात किल्ला नव्याने बांधला.

किल्ल्याच्या मोठ्या दरवाजावर वाघ आणि हत्ती कोरले आहेत. तेथे एक लेख आहे. अक्षरे देवनागरी आहेत. म्हणजे आपलीच. काही झिजली आहेत, पण बाजीरावाचे नाव शोधून पाहा. अडीचशे वर्षांहून जुन्या दगडावरचे नाव आपल्याला वाचता आले, याचा आनंद तुम्हीच घ्या. आत गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, त्र्यंबकेश्वराचे देऊळ आणि अष्टकोनी तळे आहे. चोहोकडे खारे पाणी आणि मध्ये गोडे पाणी! किल्ल्याबाहेर एकटाच एक गोल बुरूज उभा आहे. बेटावर आजही कोळ्यांची वस्ती आहे.

आता एक अभिमानाची गोष्ट. १८ जून २०२५ रोजी विशाखापट्टणमला भारतीय आरमारात एक नवी युद्धनौका दाखल झाली. तिचे काम किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात शत्रूच्या पाणबुड्या शोधून त्यांचा नाश करणे. तिचे नाव 'अर्नाळा'. याच किल्ल्यावरून ठेवलेले. यापूर्वीही आरमारात या नावाची एक नौका होती. किल्ल्याने खाडी राखली, नौका किनारा राखते. कोळीवाड्याजवळच्या एका लहान बेटाचे नाव आज दर्यावर फिरते आहे.

भरतीचा हिशोब

देशावरून आलेल्या माणसाला समुद्राची सवय नसते. मुले पाण्याकडे धावतात. म्हणून भरती-ओहोटीचा हिशोब शिकून घ्या.

समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते. चंद्राच्या ओढीने हे होते. दर दिवशी भरतीची वेळ सुमारे पाऊण तास पुढे सरकते. त्यावरून किनाऱ्यावरच्या लोकांनी सोपा हिशोब बसवला आहे. तिथीला पाऊणाने गुणा. येईल तो आकडा भरतीच्या वेळेचा.

उदाहरण घ्या. आज अष्टमी आहे. आठ गुणिले पाऊण, झाले सहा. म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी, म्हणजे बाराच्या पुढे, पूर्ण ओहोटी. आज चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, झाले तीन. भरती तीनच्या सुमारास.

अमावास्येला आणि पुनवेला भरती मोठी असते. तिला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास ती लहान असते. तिला भांगाची भरती म्हणतात. हा हिशोब अंदाजाचा आहे. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. म्हणून किनाऱ्यावर गेल्यावर कोळीदादांना विचारावे. ते 'आज नको' म्हणाले तर वाद न घालता परत फिरावे. पावसाळ्यात समुद्रात उतरूच नये. राजोडी, नवापूर, कळंब, भुईगाव असे चांगले किनारे जवळ आहेत. संध्याकाळी वाळूत बसायला जरूर जा.

वसईचा किल्ला आणि एक तह

वसई रोड स्टेशनावर उतरून बसने वसई गावात जावे. पुढे किल्ला आहे. तो लहानसहान नाही. सुमारे ११० एकर जागा त्याच्या तटात आहे. आत चर्चे, वाडे, रस्ते, सारे शहरच होते. आज भिंती उभ्या आहेत, छपरे गेली आहेत. झाडांची मुळे दगडांत शिरली आहेत.

१५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने तह करून वसई पोर्तुगीजांना दिली. पुढे २०५ वर्षे ती त्यांच्याकडे होती. १७३९ साली बाजीरावाचा धाकटा भाऊ चिमाजी अप्पा याने वेढा घातला. फेब्रुवारीपासून मेपर्यंत लढाई चालली. मराठ्यांनी तटाखाली सुरुंग पेरले. तट फुटला. दोन्ही बाजूंची पुष्कळ माणसे पडली. शेवटी पोर्तुगीजांनी पांढरे निशाण दाखवले.

यापुढचा भाग जवानांच्या घरच्यांनी मुद्दाम वाचावा. तह झाला. त्या तहात असे ठरले की हरलेल्या शिपायांनी आपली बायकामुले आणि चीजवस्तू घेऊन आठ दिवसांच्या आत सुखरूप निघून जावे. मराठ्यांनी हजारो माणसे गमावली होती. राग तर असणारच. तरी शत्रूच्या बायकामुलांना वाट मोकळी दिली. वसईच्या बंदरातून तेव्हा किती बिऱ्हाडे निघाली असतील! डोक्यावर बोचकी, कडेवर पोरे. तीही फौजी कुटुंबेच होती. लढाई शिपायाची असते, पण गाव सोडावे लागते ते घरच्यांना.

किल्ल्यात चिमाजी अप्पाचे स्मारक आहे. नागेश्वराचे देऊळ आहे. वसईच्या चर्चमधल्या मोठ्या घंटा मराठ्यांनी नेल्या आणि देवळांत टांगल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा आणि भीमाशंकरची घंटा त्यांपैकीच, असे सांगतात. तुमच्यापैकी कोणी ती घंटा वाजवली असेल. पुढे १७८० साली इंग्रजांनी वसई घेतली.

चिमाजी अप्पाने मोहिमेच्या वेळी वज्रेश्वरी देवीला नवस बोलला होता, अशी कथा आहे. ते देऊळ भिवंडी तालुक्यात तानसा नदीकाठी आहे. जवळच अकलोली आणि गणेशपुरीला गरम पाण्याचे झरे आहेत. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एकदा तेथे न्यावे.

सोपाऱ्याचा दगड

नालासोपाऱ्याला लोक आज गर्दीचे स्टेशन म्हणून ओळखतात. पण हे गाव दोन हजार वर्षांहून जुने आहे. त्याचे जुने नाव शूर्पारक. मोठे बंदर होते. लांबलांबच्या देशांची गलबते येथे येत. पश्चिमेला एक मातीविटांची टेकडी होती. लोक तिला बुरूडराजाचा कोट म्हणत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ती खणली. आत बौद्ध स्तूप निघाला. स्तूपाच्या पोटात दगडी पेटी, तिच्यात करंडे. ते आज मुंबईला एशियाटिक सोसायटीकडे आहेत.

याच सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या लेखाचा एक तुकडा सापडला. अशोकाने कलिंग देशावर मोठी लढाई केली. लाखांवर माणसे मेली. ते पाहून त्याचे मन पालटले. सोपाऱ्याचा तुकडा त्याच्या आठव्या लेखाचा आहे. त्या लेखात राजा सांगतो की पूर्वी राजे मौजेसाठी आणि शिकारीसाठी हिंडत. आपण आता धर्मासाठी हिंडतो, वृद्धांना भेटतो, खेड्यापाड्यांतील लोकांशी बोलतो. नव्या मुलखात कसे हिंडावे, हे त्या दगडाने केव्हाच सांगून ठेवले आहे.

पूर्वेला तुंगारेश्वराचे जंगल आहे. २००३ पासून ते अभयारण्य आहे. आत शंकराचे देऊळ आहे. हिवाळ्यात जावे. पावसाळ्यात तेथले आणि चिंचोटीचे धबधबे फार सुंदर दिसतात, पण दर वर्षी कोणी ना कोणी बुडतो. मनाईची पाटी असेल तर ती वाचा आणि पाळा.

शेजार जोडा

वसईच्या मुलखात नाना तऱ्हेचे लोक आहेत. कोळी, आगरी, वाडवळ, सामवेदी, वारली, ख्रिस्ती. सारे मराठीच बोलतात, पण प्रत्येकाची बोली वेगळी. कुपारी बोली ऐकून आधी काही समजणार नाही. हसू नका. तुमची साताऱ्याची बोलीही त्यांना तशीच वाटते. येथील ख्रिस्ती लोकांची प्रार्थना मराठीत चालते. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. २०२४ साली ते वारले.

शेतकरी लोक केळी, फुले, भाजी, विड्याची पाने पिकवतात. सकाळी भाजीवाल्या बायांकडून भाजी घ्या. दोन शब्द बोला. पोटात दुखले तर रात्री कोणाचे दार ठोठवायचे, हे अशा बोलण्यातूनच ठरते. जवान हजार मैलांवर आहे. शेजारी भिंतीपलीकडे आहे. इमारतीत किंवा वस्तीत दुसरे फौजी कुटुंब आहे का, ते विचारा. दोन कुटुंबे भेटली की पेन्शनीचे, दवाखान्याचे, शाळेचे निम्मे प्रश्न तेथेच सुटतात.

पावसाळ्याची तयारी जूनआधी करा. जुलै २०१८ मध्ये इतके पाणी भरले की लोकल बंद पडली आणि माणसे घरांत अडकली. आठवड्याचे धान्य, मेणबत्त्या, औषधे आणि पिण्याचे पाणी घरात असू द्या. अडचण आली तर ११२ या क्रमांकावर फोन करा.

जवानाला पत्र

आता मोबाईल आहे. पण सरहद्दीवर सगळीकडे तो लागत नाही. पत्र मात्र जाते. पत्त्यावर जवानाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण लिहावी. खाली ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ, जे त्याने कळवले असेल ते. गावाचे नाव लिहायचे नसते. पलटण कोठे आहे ते शत्रूला कळू नये, म्हणून ही रीत. तेच कारण लक्षात घेऊन पलटण कोठे हलली हे शेजारी, फोनवर किंवा मोबाईलच्या चित्रांखाली लिहून सांगू नये.

पत्रात काय लिहावे? 'आम्ही सुखी आहोत, काळजी नसावी' एवढे पुरत नाही. त्याने त्याला काही दिसत नाही. लिहा की घराचा भोगवटा दाखला पाहिला. करार स्वतः वाचला. मुलाला शाळेत घातले. रविवारी अर्नाळ्याला गेलो. भरतीचा हिशोब मुलाने केला. दगडावरचे नाव मी वाचले. बर्फात उभा असलेला माणूस असे पत्र चार वेळा वाचील. घरचे कोठे राहतात ते त्याच्या डोळ्यांपुढे उभे राहील. घरचे धड आहेत हे ज्याला नक्की ठाऊक असते, त्याचा पहारा चांगला होतो.

वाचा आणि करा

१. घर घेण्याआधी विचारायचे चार प्रश्न न बघता सांगा.
२. आजची तिथी कोणती? आज भरती किती वाजता येईल, हिशोब करा.
३. तुमच्या घरातील महत्त्वाच्या कागदांची यादी लिहा. कोणता कागद नाही, त्यावर खूण करा.
४. तुमच्या गावातील कोणी फौजेत असेल तर त्याच्या घरी जा. हा पाठ त्यांना वाचून दाखवा.
५. तुमच्या गावात नवे कुटुंब राहायला आले तर त्यांना काय काय दाखवाल? दहा ओळी लिहा.